‘सुटला’: बंधपत्रावर घरी आलेल्या एका तरुणाचं प्रकरण

कोर्टातून घरी परतलेल्या माणसासाठी गावात एकच शब्द आहे: सुटला. जामिनावर आला तरी सुटला, निर्दोष ठरला तरी सुटला, आणि दोषी ठरून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, घरी पाठवला तरी सुटलाच. परिवीक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे दोषी ठरूनही तुरुंगाऐवजी घरी पाठवलेल्यांवर देखरेख ठेवणारा म्हणून, मी हा शब्द वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि हसून सोडून देत आलो. या प्रकरणात तो महागात पडला. मला नव्हे, जिचा हात मोडला होता त्या बाईला.

प्रकरण भारतीय दंड संहिता लागू होती तेव्हाचं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून गाव, रकमा आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. घेतलेले निर्णय आणि झालेल्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

उसाच्या पट्ट्यातलं गाव. दोन घरं एकाच भावकीतली, बांधाला बांध लागून, विहीर सामाईक. सात-बारावर विहिरीचा हिस्सा निम्मा-निम्मा लिहिलेला, पण पाण्याची पाळी कागदावर कुठेच नाही. चार दिवस यांचे, चार दिवस त्यांचे, असं आजोबांच्या काळात तोंडी ठरलेलं. त्यात शेतपंपाची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. ज्याची पाळी रात्रीच्या लाईटीत येईल त्यानं जागायचं.

एका घरात चोपन्न वर्षांच्या विधवा बाई. सगळं गाव त्यांना काकू म्हणतं, मीही तेच म्हणत आलो. मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटावर, त्यामुळे शेतीचं सगळं काकूंच्याच अंगावर. दुसऱ्या घरात आई, साखर कारखान्यात हंगामी कामगार असलेले वडील आणि एकोणीस वर्षांचा मुलगा. बारावीला गणितात राहिलेला, आयटीआयला नंबर न लागलेला, दिवसा पारावर आणि रात्री दाऱ्यावर, म्हणजे उसाला पाणी द्यायला.

जानेवारीतली रात्र. पाळी काकूंची. सरीला पाणी लावून त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. परत येऊन बघतात तर पाट फोडून पाणी शेजारच्या खोडव्यात वळवलेलं. शब्दाला शब्द लागला. पोरानं खोऱ्याचा दांडा उचलला. डोकं वाचवायला काकूंनी हात आडवा धरला आणि उजव्या हाताची मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली. प्लेट बसवली, हाड जुळलं, पण मूठ पुरती वळत नाही. त्यांच्या दारात दोन गाई होत्या. ज्या हाताची मूठ वळत नाही त्या हातानं धार निघत नाही, म्हणून एक विकावी लागली. पोलिसांच्या कागदांत हाडं होती, गाय नव्हती.

गुन्हा कलम ३२५ (जबर दुखापत), ५०४ (चिथावणीसाठी अपमान) आणि ५०६ (धमकी) खाली दाखल झाला. दांड्याऐवजी हातात कोयता असता तर कलम ३२६ लागलं असतं. त्यात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती, आणि मग परिवीक्षेचं दारच बंद झालं असतं. ३२५ मध्ये जास्तीत जास्त सात वर्षं होती, आणि कोर्टाच्या परवानगीनं तडजोडही होऊ शकत होती. तशी ती व्हावी म्हणून गावच्या तंटामुक्त समितीची दोनदा बैठक झाली. काकू दोन्ही वेळा एकच वाक्य बोलून उठल्या: “आधी माझा हात द्या, मग मिटवू.”

खटला त्या मानानं लवकर उभा राहिला. पोरगा दोषी ठरला त्या दिवशी त्याचं वय वीस वर्षं आठ महिने होतं. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ६ प्रमाणे एकवीसच्या आतल्या तरुणाला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो, आणि तुरुंगातच का पाठवायचं याची कारणं लिहावी लागतात. वय कोणत्या दिवशीचं धरायचं, तर निकालाच्या, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६० च्या दशकातच सांगून ठेवलंय. चार महिने आणखी गेले असते तर हे प्रकरण माझ्याकडे आलंही नसतं कदाचित.

अहवाल

मी गावात गेलो. पोराच्या घरी बसलो, आईशी बोललो, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटलो, पोलीस पाटलांना विचारलं. आधीचा गुन्हा नाही. दारूचं व्यसन नाही, पण रात्री दाऱ्यावर गेलं की मित्रांबरोबर अधूनमधून होते. हाताला कला आहे: जळालेली मोटार उघडून आतली गुंडाळी नीट ओळखतो, घरातले दोन पंप त्यानंच बांधलेले. पोराला पश्चात्ताप आहे का, या रकान्यात मी ‘आहे’ लिहिलं. तो रडला होता. आज वाटतं, ते रडणं तुरुंगाच्या भीतीचं होतं की मोडलेल्या हाताचं, हे मी विचारलं नाही.

काकूंचं घर तिथून शंभर पावलांवर. मी गेलो नाही. जाऊ नये असं काही नव्हतं. अहवालाच्या नमुन्यात घर, शिक्षण, सवयी, शेजारपाजाऱ्यांचं मत, सगळ्याला जागा होती. ज्याला लागलं त्याला काय वाटतं, याला रकाना नव्हता. आणि जिथे रकाना नाही तिथे सरकारी माणूस सहसा जात नाही. ‘फिर्यादी व आरोपी यांचे संबंध तणावाचे आहेत’ हे वाक्य मी पोलीस पाटलांच्या तोंडून ऐकून लिहिलं.

कायद्याची घडणही तशीच आहे. कलम ७ प्रमाणे माझा अहवाल गोपनीय. कोर्टाला वाटलं तर त्यातला सारांश आरोपीला सांगता येतो, त्यावर त्याला पुरावाही देता येतो. पीडिताचा उल्लेख तिथे नाही. पर्यवेक्षणाचा आदेश झाला की कलम ४ प्रमाणे त्याच्या प्रती जातात तिघांकडे: आरोपी, जामीनदार आणि परिवीक्षा अधिकारी. चौथी प्रत नाही. १९५८ साली हा कायदा झाला तेव्हा पीडित म्हणजे सरकारी पक्षाचा साक्षीदार, एवढंच धरलं जायचं. फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्याच २००९ च्या अखेरीला आली.

आदेश असा झाला: पंधरा हजारांचं बंधपत्र, एक जामीनदार, मुदत दोन वर्षं, पूर्ण काळ माझं पर्यवेक्षण, आणि कलम ५ खाली काकूंना चाळीस हजार रुपये भरपाई, चार-चार हजारांच्या दहा हप्त्यांत. माझ्या मते आदेश चांगला होता. अजूनही तसंच वाटतं.

अडचण

निकालाच्या दिवशी काकू कोर्टात नव्हत्या. साक्ष झाली तेव्हा ‘आता तुमचं काम संपलं’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते शब्दशः घेतलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन मोटारसायकली गावात शिरल्या. हॉर्न, गुलाल. काकूंच्या अंगणापुढे त्या थांबल्या. पोरगा मागच्या सीटवर होता. तो काही बोलला नाही, पण उतरून दुसरीकडेही गेला नाही. रात्री त्याच्या मित्राच्या मोबाईलवर स्टेटस होतं: गुलालानं माखलेला फोटो, खाली ‘सुटला रे वाघ’.

काकूंचा समज झाला की कोर्टानं पोराला निर्दोष सोडलं. म्हणजे आपण खोटी केस केली असं कोर्ट म्हणालं. म्हणजे आता तो काहीही करू शकतो. त्यांनी रात्रीच्या दाऱ्यावर जाणं बंद केलं. लागणीचा ऊस दोन पाळ्या कोरडा राहिला. आठव्या दिवशी उरलेली गाय बहिणीच्या दारात बांधून त्या चाकणला मुलाच्या खोलीवर निघून गेल्या.

मला हे अकराव्या दिवशी कळलं, तेही त्यांच्या मुलाच्या फोनवरून. त्यानं नमस्कारही केला नाही. “तुमच्याच रिपोर्टवर सोडला म्हणे त्याला. आईला एकदा विचारायचं तरी होतं.”

यात चुकीचा एकही शब्द नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. पीडिताला कळवा असं माझ्या कर्तव्यांत कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या वेळी असं स्पष्ट बंधन मला माहीत असलेल्या एकाच जागी होतं: अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५क मध्ये. तिथे पीडिताला जामीन, सुटका, पॅरोल, शिक्षा या प्रत्येक टप्प्याची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि बाजू मांडण्याचा हक्क आहे. आमचं प्रकरण भावकीतलं, त्यामुळे तो कायदा लागू नव्हता. (१ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवायची आहे. पण ती तपासाची. शिक्षेनंतर पुढे काय झालं, हे कुणी कळवायचं, तो प्रश्न उरतोच.) कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, नसत्या फंदात पडू नको, एकदा सांगायला लागलास की रोज सांगत बसावं लागेल. त्यांचा हा इशारा पुढे खरा ठरला.

दुसरा पर्याय परिवीक्षा कायद्याच्या कलम ९ चा. अटी मोडल्या असं कोर्टाला कळवायचं. गुलालाच्या मिरवणुकीनं बंधपत्र मोडतं का? शांतता राखण्याची अट होती, आणि अंगणापुढे थांबणं ही धमकीच, असं म्हणता आलं असतं. पण या कलमाची मेख अशी की पहिल्या वेळी कोर्ट फार तर पन्नास रुपये दंड करू शकतं. १९५८ चे पन्नास रुपये तसेच आहेत. नाहीतर सरळ मूळ गुन्ह्याची शिक्षा. मधलं काही नाही. पन्नास रुपये दंड झाला असता तर पुढच्या वेळी गुलालाबरोबर फटाकेही आले असते, आणि तुरुंग झाला असता तर अकरा दिवसांत सगळी योजना गुंडाळली गेली असती.

तिसरा पर्याय पोराला गावाबाहेर काढण्याचा. पुण्याला मामा होता. वडिलांनाही ते सोयीचं वाटत होतं. पण बंधपत्राची अटच अशी असते की आरोपीचा किंवा जामीनदाराचा कायमचा पत्ता किंवा नियमित कामधंदा कोर्टाच्या हद्दीत हवा. जामीनदार गावचाच असल्यानं कायद्यानं हे बसवता आलं असतं. मला मात्र ते पटेना. मामाच्या खोलीत बसून तो सुधारला असता की नुसता नजरेआड झाला असता? आणि दोन वर्षांनी तो त्याच विहिरीवर परत येणारच होता.

चौथा पर्याय दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याचा. ही कल्पना माझी, आणि सगळ्यांत वाईट. मला वाटलं, पोराला मोटारीचं काम येतं, काकूंची मोटार अधूनमधून जळते, त्यानं ती फुकट बांधून द्यावी. ऐकायला किती छान! काकूंना फोनवर हे सुचवलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “साहेब, त्याचा हात माझ्या मोटारीला लागायला नको.” तो विषय मी पुन्हा काढला नाही.

पाचवा पर्याय कलम ८ चा. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर कोर्ट बंधपत्राच्या अटी बदलू शकतं, मात्र आरोपी आणि जामीनदाराला ऐकून घेतल्यावरच. मी हा निवडला.

काय केलं

आधी चाकणला गेलो. मुलाच्या खोलीत एक पलंग, गॅसची शेगडी आणि दोन पाळ्यांत झोपणारे तिघेजण. काकू दारात बसल्या होत्या. मी आदेश समजावून सांगायला लागलो आणि दोन मिनिटांत लक्षात आलं की ‘परिवीक्षा’, ‘पर्यवेक्षण’, ‘बंधपत्र’ हे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मग वहीचं पान फाडून सहा ओळी लिहिल्या. तो दोषी ठरला आहे. तुमची केस खरी ठरली आहे. शिक्षा माफ नाही, सुनावणं लांबणीवर टाकलं आहे. दोन वर्षांत अट मोडली तर कोर्ट त्याला बोलावून शिक्षा देऊ शकतं. तुम्हाला चाळीस हजार मिळायचे आहेत. काही झालं तर या नंबरवर फोन करा.

काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत त्या वाचत होत्या. ‘दोषी’वर बोट थांबलं. तो शब्द त्यांनी पुन्हा मोठ्यानं वाचला. मग विचारलं, “हे पान गावात दाखवलं तर चालंल का?” निकाल उघड्या कोर्टात झाला होता, त्यामुळे चालणार होतं. पण मी म्हटलं, माझ्या अक्षरातलं पान दाखवू नका, कोर्टाची नक्कल काढू. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या वकीलबाईंनी नकलेचा अर्ज टाकला आणि भरपाई कमी वाटत असेल तर अपील करता येतं, हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, वर आणखी तारखा नकोत. नक्कल मिळाली ती त्यांनी पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. नंतर कळलं की दूध डेअरीवर, रेशन दुकानात, जिथे जिथे ‘सुटला’ ऐकू आलं तिथे त्यांनी ती पिशवी उघडली. माझ्या सगळ्या उठाठेवीत सर्वांत जास्त काम त्या नकलेनं केलं.

पोराला कार्यालयात बोलावलं. ओरडलो नाही. स्टेटसचा फोटो समोर ठेवला आणि त्यालाही तीच सहा वाक्यं वाचायला लावली. तेव्हा लक्षात आलं की आपण सुटलो असंच त्यालाही वाटत होतं! कोर्टानं अटी समजावल्या होत्या, त्यानं मान हलवली होती, सही केली होती. ‘शिक्षा देऊ शकतं’ या ओळीवर त्यानं मान वर केली. “म्हणजे अजून आहेच?”

त्याच्या योजनेचा मसुदा मी पहिल्यांदा लिहिला होता तेव्हा त्यात आयटीआय, समुपदेशन, दरमहा हजेरी असं सगळं नेहमीचं होतं. पण ज्या रात्री, ज्या विहिरीवर, ज्या पाळीवरून गुन्हा घडला ती रात्र आठवड्याआड पुन्हा येत होती, आणि पोरगा पुन्हा दाऱ्यावर जातच होता. म्हणून नव्या योजनेचं पहिलं कलम केलं: पोरगा रात्री दारं धरणार नाही. वडील उसळले. “हंगामात मी कारखान्यावर, मग दारं कोण धरणार? तुम्ही?” त्यांचा मुद्दा बरोबर होता. शेवटी पोलीस पाटलांना मध्ये घालून पाळीचा तक्ता पहिल्यांदाच कागदावर उतरवला. रात्रीच्या लाईटीत दोन्ही घरांची पाळी एकमेकांना खेटून येणार नाही अशी वाटणी केली, दोन्ही घरांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत मोटारीच्या पेटीत आतून चिकटवली. त्याआधारे कलम ८ खाली अर्ज केला. काकूंच्या पाळीच्या दिवशी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पोरानं विहिरीकडे फिरकायचं नाही, ही अट कोर्टानं वाढवली.

कामाचं सोपं निघालं. तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात त्याला शिकाऊ म्हणून लावलं. मालकानं विचारलं, केस आहे का? मी पोराच्या संमतीनं सांगितलं, आहे. “तांब्याची तार चोरणार नाही ना?” एवढंच त्यांना हवं होतं. सोमवार ते शुक्रवार तिथेच राहायचं, शनिवार-रविवार घरी, आणि पुढच्या वर्षी वायरमनला अर्ज.

हप्त्यांचं मात्र सोपं निघालं नाही. पहिला हप्ता घेऊन वडील थेट काकूंच्या घरी गेले, बरोबर दोन माणसं आणि ‘आमचं मिटलं आहे’ असं लिहिलेला स्टॅम्प पेपर. काकू तोवर गावी परतल्या होत्या. त्यांनी सही केली नाही, आणि गावात बातमी पसरली की बाई पैसे घेत नाही, तिला पोराला तुरुंगातच धाडायचंय. त्यानंतर मी ठरवलं की एक रुपयाही हातोहात जाणार नाही. पैसे कोर्टात नाझरकडे, म्हणजे कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे जमा, तिथून काकूंच्या खात्यावर. खातं जिल्हा बँकेत होतं. काकू म्हणाल्या, “त्यात टाकू नका, सोसायटी थकबाकीला कापून घेईल.” पोस्टात नवं खातं उघडलं. भरपाईचा आदेश लिहिताना असल्या गोष्टी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नसतात.

किती सांगायचं

हा सगळ्यांत अवघड भाग, आणि आजही मला याचं पक्कं उत्तर सापडलेलं नाही.

काय सांगायचं नाही, हे ठरवणं सोपं होतं. अहवालातलं घरगुती काही नाही: आईचं आजारपण, वडिलांचं कर्ज, पोरानं समुपदेशनात काढलेले विषय. काय सांगायचं तेही स्पष्ट होतं: अटी, मुदत, हप्त्याची तारीख. अडलं ते मधल्या जागेवर. तो आठवड्याचे पाच दिवस गावात नसतो, हे काकूंना सांगायचं का? ही त्याची खासगी गोष्ट. पण काकूंनी रात्री दाऱ्यावर जायचं की नाही, हे त्याच गोष्टीवर ठरत होतं.

पोराला विचारलं. तो म्हणाला, नको. तिला कळलं की अख्ख्या गावाला कळणार, मग दुकानात येऊन कुणीतरी मालकाचे कान भरणार. त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याला आठवडाभर विचार करू दिला. मग मधला मार्ग निघाला: तो कुठे असतो, काय करतो, हे सांगायचं नाही. सोमवार ते शुक्रवार रात्री तो गावात नसतो, एवढंच सांगायचं. त्यानं होकार दिला, मी फाइलला नोंद घेतली. काकूंना हे कळलं त्याच आठवड्यात त्या पुन्हा दाऱ्यावर गेल्या.

चार महिन्यांनी गळीत हंगाम सुरू झाला. वडील कारखान्यावर, आई आजारी, म्हणून पोरानं दुकानातून दहा दिवसांची सुट्टी घेतली. मला फोन करून रीतसर सांगितलंही. अट मोडलेली नव्हती. मी हो म्हटलं आणि विसरलो. बुधवारी रात्री नऊच्या सुमारास काकूंना तो डीपीजवळ दिसला.

“तुम्ही म्हणालात नसतो.” त्यांचा आवाज गुलालाच्या वेळी मुलाचा होता तसा नव्हता. हळू होता. माहिती देणं ही एकदा करून मोकळं होण्याची गोष्ट आहे असं मी धरलं होतं. पण मी दिलेली माहिती शिळी झाली होती, आणि तिच्या भरवशावर एक बाई अंधारात एकटी उभी होती. काहीच सांगितलं नसतं तर निदान त्या सावध तरी राहिल्या असत्या.

त्यानंतर नियम केला: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी काकूंना फोन. सांगण्यासारखं काही नसलं तरी ‘काही बदल नाही’ हे सांगायला. आणि पोराच्या वेळापत्रकात बदल झाला तर त्याच दिवशी. सहकारी म्हणाले होते तसंच झालं, रोज नाही तरी दरमहा सांगत बसावं लागलं. फोन सरासरी दोन मिनिटांचा असायचा.

निष्पत्ती

दोन वर्षांत पोरावर दुसरा गुन्हा दाखल झाला नाही. दहापैकी सात हप्ते वेळेवर, दोन उशिरा, आणि शेवटचा मी तीनदा मागे लागल्यावर आला. आयटीआयला वायरमनला नंबर लागला, पण पहिल्या वर्षानंतर त्यानं सोडलं. रिवायंडिंगमध्ये पैसे मिळायला लागले होते. माझ्या अहवालात ते अपयश म्हणून गेलं. मला तसं वाटत नाही. स्टेटस टाकणारा मित्र दुसऱ्याच एका मारामारीत आत गेला.

काकू आणि ते घर यांच्यात बोलणं नाही. पोराच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका काकूंच्या घरी गेली नाही, आणि गेली असती तरी त्या गेल्या नसत्या. पाळीचा तक्ता मात्र दोन्ही घरं पाळतात. मध्ये तो पावसानं भिजला तेव्हा पोराच्या वडिलांनी नवा लिहून लावला, आणि काकूंच्या मुलानं त्याचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवला. हिस्से बरोबर आहेत का, एवढंच विचारलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

अहवालाआधी ती शंभर पावलं चालेन. मत मागायला नाही, कारण शिक्षा काय व्हावी याचं ओझं पीडितावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. पण गाय विकली हे कळलं असतं, निकालाच्या दिवशी कोर्टात या असं सांगता आलं असतं, आणि चाळीस हजारांचा आकडा कदाचित वेगळा झाला असता.

निकालाच्याच दिवशी पोराकडून त्याच्या शब्दांत वदवून घेईन, की त्याला काय कळलं. सही म्हणजे समजणं नव्हे.

गुलालाची घटना मला कळेल त्याच दिवशी कोर्टाला लेखी कळवेन. कलम ९ खाली कारवाई मागण्यासाठी नाही, नुसती माहिती म्हणून. तेव्हा मी टाळलं. योजना मोडेल हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण, माझ्याच शिफारशीवर झालेल्या आदेशाची दोन आठवड्यांत अशी शोभा झाली हे न्यायाधीशांना सांगायची लाज वाटली. त्याऐवजी कलम ८ चा अर्ज केला, तो ठीकच होता, पण त्यात मिरवणुकीचा उल्लेख एका गुळमुळीत वाक्यात आला.

समेटाची घाई करणार नाही. त्या मोटारीच्या कल्पनेची आठवण झाली की अजून कान गरम होतात.

आणि शेवटाची तयारी आधीपासून करेन. ती मी केली नव्हती. बंधपत्राची मुदत एका गुरुवारी संपली, फाइल बंद झाली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी फोन केला नाही, करायचं कारणच उरलं नव्हतं. साडेदहाला काकूंचाच आला.

“साहेब, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. तो गावात आहे का?”

मी सांगितलं की आता मला ते विचारायचा अधिकार नाही, अटही उरलेली नाही.

“मग कुणाला विचारायचं?”

मी त्यांना पोलीस ठाण्यातल्या, त्यांचं गाव ज्यांच्याकडे होतं त्या बीट अंमलदारांचा नंबर दिला. त्यांनी तो एकेक आकडा म्हणत लिहून घेतला, आणि शेवटचे दोन आकडे पुन्हा विचारले.